परकी भाषा, आपली माती

ग्रेट ब्रिटन बेटाच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील वेल्श ही केल्टिक कुळातील प्राचीन भाषा असून तिला समृद्ध काव्यपरंपरा लाभली आहे. असे असताना वेल्समधील अनेक साहित्यिकांनी इंग्रजीत लेखन का केले?

या साहित्याचा आरंभ अनेक अभ्यासक इ. स. १४७० च्या सुमारास रचलेल्या एका स्तोत्रापासून मानतात. येयान अप हवेल सुर्दवाल या वेल्श कवीने ऑक्सफर्ड येथे कुमारी मेरीची ही स्तुती इंग्रजीत रचली. परंतु ती लिहिली वेल्श लेखनपद्धतीने आणि बांधली वेल्श छंदाच्या नियमांत. वेल्श लोकांना हिणवणाऱ्या इंग्रजांना दिलेले ते उत्तर होते, असे सांगितले जाते.

तथापि, इंग्रजीचा प्रसार केवळ कवीच्या इच्छेने झाला नाही. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि न्यायालये व सरकारी पदे यांसाठी इंग्रजी आवश्यक ठरली. साहजिकच जमीनदारवर्ग इंग्रजीकडे वळला. १५८८ मध्ये बायबलचा संपूर्ण वेल्श अनुवाद प्रसिद्ध झाल्यामुळे सामान्य जनतेत मात्र वेल्श टिकून राहिली. सतराव्या शतकातील हेन्री वॉन या कवीने इंग्रजीत काव्यरचना केली. पण आपल्या प्रदेशातील प्राचीन जमातीवरून त्याने स्वतःला 'सिल्युरिस्ट' म्हणवून घेतले.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती झपाट्याने बदलली. कोळशाच्या खाणींमुळे बाहेरून कामगार आले. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेस मागासलेपणाचे कारण ठरविले. काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकविली जाई. मुलांचे भवितव्य इंग्रजीत आहे, असे अनेक पालकांनाही वाटू लागले. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे निम्म्याहून कमी आढळले.

या पिढीतूनच आधुनिक इंग्रजी-वेल्श साहित्य जन्मास आले. १९१५ मध्ये कॅरडॉक इव्हान्स यांचा 'माय पीपल' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. ग्रामीण समाजातील ढोंगावर त्यांनी केलेल्या प्रखर टीकेमुळे वेल्समध्ये संतापाची लाट उसळली. पुढे डिलन टॉमस यांनी जागतिक कीर्ती मिळविली. त्यांचे आईवडील वेल्श जाणत होते. मुलाला मात्र ती येत नव्हती. एका पिढीत घरची भाषा कशी लोपते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आर. एस. टॉमस या कवीने प्रौढपणी परिश्रमपूर्वक वेल्श आत्मसात केली. आत्मचरित्र त्यांनी वेल्शमध्ये लिहिले, पण कविता इंग्रजीतच केल्या. कारण त्यांची काव्यभाषा बालपणीच घडली होती.

भाषा बदलली, तरी डोंगर, खाणी, प्रार्थनामंदिरे आणि माणसे वेल्सचीच राहिली. म्हणूनच हे साहित्य इंग्रजीत असूनही वेल्सचे आहे. मात्र ते वाचताना, त्यासाठी एका समाजाला आपल्या भाषेचे केवढे मोल द्यावे लागले, याचाही विसर पडू नये.