जोड लागेना, दिवस ढळला

जुन्नर-आंबेगावात चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. एका गावची उरकली की शेजारच्या गावची, असं करत ही रांग वैशाखाच्या अखेरीपर्यंत पोचते. पहाटे देवाला अभिषेक, सकाळी मांडवडहाळे आणि शेरणी, दिवसभर घाटात बैलगाड्यांच्या शर्यती, रात्री पालखी आणि तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत तो श्रावणात, पावसापाण्यात भरतो. बाकी बहुतेक गावांचा उन्हाळ्यात. यात्रेच्या हँडबिलावर हगाम्यापुढे ‘दुपारी ३ ते ६’ अशी वेळ छापलेली असते. नव्वदच्या दशकात ती फार थोड्या गावांनी पाळली.

तेव्हा आखाड्याभोवती मांडी घालून बसणारी पोरं आज पन्नाशीला आली आहेत. मंचर, घोडेगाव, बेल्हे, आळेफाटा, कुठल्याही चहाच्या टपरीवर त्यांच्यापुढे हगाम्याचा विषय काढून बघा. जिंकलेल्या पैलवानांची नावं मागाहून येतात, आधी येतो तो गोंधळ. जोड लावण्यात गेलेले दोन तास, लाउडस्पीकरवर पुकारलेलं आणि हातात न पडलेलं इनाम, हँडबिलावर ठळक अक्षरात छापलेला पण न आलेला पैलवान, ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात उरकलेली मानाची कुस्ती. हे सगळं ती माणसं इतक्या मायेनं सांगतात, की ढिसाळपणा हाच हगाम्याचा गुण होता असं ऐकणाऱ्याला वाटावं. मला तसं वाटत नाही. त्या ढिसाळपणात गोंधळही होता आणि लबाडीही होती, आणि या दोहोंतला फरक त्या पोरांना तेव्हाही नेमका कळत होता.

गोंधळाचं मूळ साधं आहे. तमाशा ठरवायला यात्रा कमिटी पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाते. तिथं फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, आत मॅनेजर तारखांची वही घेऊन बसलेला असतो. सुपारी ठरते, विसार दिला जातो, तारीख वहीत चढते. बैलगाड्यांची नोंद आधी होते, टोकन मिळतं, बाऱ्यांचा क्रम लागतो आणि निकाल घड्याळाच्या सेकंदावर ठरतो. कुस्तीला यातलं काहीच नव्हतं. कोण येणार, किती येणार, कुणाची कुणाशी लागणार, हे सगळं दुपारी माणसं जमल्यावर ठरायचं. तमाशाला सुपारी देऊन आणि घाट सजवून वर्गणीतलं जे उरेल, ते कुस्त्यांना. कमिटीची माणसं दोन रात्रींची जागलेली, आवाज बसलेला, आणि सगळ्यात जास्त भांडणाचं काम त्यांच्यापुढे शेवटी यायचं.

मैदानही असंच ऐन वेळी उभं राहायचं. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या योजनेतून १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे मागच्या माणसालाही पैलवानाची पाठ दिसावी. आमच्याकडे नांगरून ढेकळं फोडलेलं वावर, नाहीतर ओढ्याकाठची मोकळी जागा. पुढं पोरं बसलेली, त्यामागे उकिडवे बापे, त्यामागे उभी माणसं, त्यामागे ट्रॅक्टरची ट्रॉली आणि झाडाच्या फांद्या. तालमीतल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, ती रोज उकरतात, चाळतात. वावरातल्या मातीचा असा कुणी धनी नसायचा. खडे राहायचे, कुठं भुसभुशीत तर कुठं कडक. गुडघे आणि कोपरं सोलवटून निघायची. मान दुखावली तर डॉक्टर तालुक्याच्या गावी.

हगाम्याचा खरा जीव जोड लावण्यात आहे. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी व्हायची. लहान पोरं आखाड्यात सोडायची, जिंकेल त्याला मूठभर रेवड्या, खोबऱ्याची वाटी, नाहीतर नारळ. मग दहा, वीस, पन्नास, शंभर असं इनाम चढत जायचं. पैलवान लांग लावून, अंगाला माती चोळून आखाड्याला फेरी मारायचा. म्हणजे त्याला जोड हवी. समोरून कुणी हात वर केला की वस्ताद दोघांना शेजारी उभं करून बघायचे. वजनकाटा नाही. खांदा बघायचा, मांडी बघायची, मान बघायची, आणि त्यावर अंदाज करायचा. मग दोन्ही बाजूंचे मामा-काका पुढं यायचे. “आमचा पोरगा शेतातला हाय, तो तालमीतला.” “हा दोन वर्सं पुण्यात व्हता, आम्हाला ठावं हाय.” कुणी आपल्या पोराला दंडाला धरून परत घेऊन जायचा. एवढ्यात पलीकडे दुसरी जोड लागलेली, दोन कुस्त्या एकाच वेळी चाललेल्या, आणि ढोल कुणासाठी वाजतोय ते कळायचं नाही.

हा वाद नुसता वेळ खाणारा होता असं मात्र म्हणता येणार नाही. गावच्या नजरेनं केलेलं ते वजन होतं. जुन्या वस्तादांचा अंदाज पुष्कळदा बरोबर निघायचा, आणि जोड तोलामोलाची लागली की दोन मिनिटांच्या कुस्तीनं दोन तासांची वाट वसूल व्हायची. ढाक, घिस्सा, कलाजंग, एकलंगी, मोळी, धोबीपछाड. डाव पडण्याआधीच बसलेल्या पोरांच्या तोंडून त्याचं नाव निघायचं. पाठ टेकली की नाही हे पंचाच्या आधी कडेचे लोक सांगायचे. चितपट झालेला पैलवान उठायच्या आत जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतलेलं असायचं, आणि तो कडेकडेनं फिरला की लोक आपल्या खिशातून त्याच्या हातात नोटा ठेवायचे. ते बक्षीस कमिटीनं पुकारलेल्या इनामापेक्षा भरवशाचं होतं, कारण ते तिथल्या तिथं मिळायचं.

दिवस खायचे ते सत्कार. तालुक्याचा पुढारी आला की कुस्ती थांबवून शाल, श्रीफळ, फेटा. देणगीदारांची यादी वाचायची, कुणाचं नाव राहिलं की तो रुसायचा, मग यादी पुन्हा वाचायची. घामानं निथळलेले दोन पैलवान तोवर मातीत उभे, अंग गार पडत चाललेलं. तापलेलं अंग गार झालं आणि लगेच जोर लावला तर स्नायू धरतो, हे तालमीतल्या पोरालाही माहीत असतं. त्या काळातली सगळ्यात वाईट सवय कुठली असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. इनाम कमी असल्याचं पैलवानाला एवढं लागत नव्हतं, जेवढं हे ताटकळणं लागायचं. आणि मानाची कुस्ती सुरू होईपर्यंत सूर्य डोंगराआड. अंधार पडला म्हणून ती बरोबरीत सोडवायची, इनाम अर्धं-अर्धं. दहा मैलांवरून आलेली माणसं तशीच घरी जायची.

इथवरचं लोक आज हसून सांगतात. नुरा कुस्तीचं नाव निघालं की मात्र तीच माणसं गप्प होतात. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. दोघं कपाळाला कपाळ लावून पंधरा मिनिटं रेटारेटी करणार, एकही डाव मनापासून टाकणार नाहीत, आणि शेवटी बरोबरी. कडेच्या लोकांना हे दुसऱ्याच मिनिटाला कळायचं. “सोडवा, सोडवा” असा ओरडा व्हायचा, माती भिरकावली जायची, कमिटीला इनाम रोखून धरावं लागायचं.

पैलवानाची बाजूही ऐकली पाहिजे. दूध, तूप, बदाम, थंडाई, तालमीतलं राहणं, हा खुराक बारा महिन्यांचा. यात्रांचा हंगाम मोजून दोन महिन्यांचा. आज एका गावात निकाली कुस्ती केली आणि खांदा निखळला, तर पुढच्या दहा गावांची कमाई गेली. दवाखान्याचा खर्च कुठलीही कमिटी देत नव्हती. ज्याला हात मोडल्यावर कुणी विचारणार नाही, तो हात जपणारच. म्हणून नुरा कुस्तीचा सगळा दोष मी पैलवानावर टाकत नाही. पण बघणाऱ्याचा विश्वास तिनंच मोडला, हेही तितकंच खरं.

याच वर्षांत बाजाराच्या गावांत केबल आली, आणि केबलवरून डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कंपनीची कुस्ती आली. अंडरटेकर, हल्क होगन, ब्रेट हार्ट ही नावं पत्त्यांच्या ट्रम्पकार्डांवरून शाळेच्या दप्तरात शिरली. सकाळी तालमीत जोर मारणारा पोरगा संध्याकाळी अंडरटेकर मेलेला परत कसा उठतो यावर वाद घालू लागला. ती कुस्ती ठरवून केलेली असते हे मोठी माणसं सांगायची, पोरं मानायची नाहीत. तिकडचा कारभारही काही कमी अजब नव्हता. २९ ऑगस्ट १९९४ रोजी शिकागोत अंडरटेकरची कुस्ती दुसऱ्या, खोट्या अंडरटेकरशी लावली होती. तो खोटा म्हणजे ब्रायन ली. तोच पुढं १९९६ सालच्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या हिंदी सिनेमात अक्षयकुमारपुढे अंडरटेकर म्हणून उभा राहिला, आणि आपल्याकडच्या पोरांनी खरा अंडरटेकर समजूनच त्याला बघितलं.

त्यांची प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू तर कारभारापायीच बुडाली. १९९८ च्या ऑक्टोबरातला त्यांचा मोठा कार्यक्रम ठरल्या वेळेत संपला नाही, आणि पैसे भरून बघणाऱ्या कित्येक घरांत मुख्य कुस्तीच्या वेळी प्रक्षेपण बंद पडलं. ४ जानेवारी १९९९ ला अटलांटात हल्क होगननं केविन नॅशच्या छातीला नुसतं बोट लावलं, नॅश आडवा पडला आणि अजिंक्यपद हातोहात गेलं. प्रेक्षक तिथून उठायला लागले. मार्च २००१ मध्ये ती कंपनी प्रतिस्पर्ध्यानंच विकत घेतली. तिथल्या प्रेक्षकाला कुस्ती ठरवलेली आहे हे ठाऊक होतं, तरी आपल्याला खुळ्यात काढलेलं त्यानं खपवून घेतलं नाही. मग आखाड्याच्या कडेला बसलेला आमचा माणूस, ज्याला कुस्ती खरीच हवी होती, तो नुरा कुस्ती कशी खपवून घेईल?

गावच्या हगाम्याला नावं ठेवताना मोठ्या मैदानांचं काय झालं तेही बघावं लागेल. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली राज्य कुस्तीगीर परिषद तिच्या मागं होती, आणि चांदीच्या गदेला घराघरात मान होता. नव्वदच्या दशकातही ही स्पर्धा दरवर्षी नेमानं भरली असं नाही. पुढं संघटनेतच फूट पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली, आणि काही दिवसांतच धाराशिवला त्याच शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली. शिवराज आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातला, हर्षवर्धन जुन्नरला लागून असलेल्या अकोल्यातला. दोघांनाही हगाम्याच्या मातीतले लोक आपला पोरगा म्हणून ओळखतात. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला शिवराजची पृथ्वीराज मोहोळशी झालेली कुस्ती पाठ टेकली की नाही या वादात गेली. शिवराजनं पंचाला लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणं चुकीचंच आणि त्याला माफी नाही. पण कॅमेरे, गाद्या, गुणफलक असं सगळं असून पाठीचा निकाल लोकांना पटेल असा देता आला नाही, ही गोष्ट जास्त जिव्हारी लागते.

गावचा हगामा इथं उजवा ठरतो. तिथला पंच आणि बघणारा यांच्यात चार हातांचं अंतर असतं. खोटा निकाल दिलेला पंच दुसऱ्या दिवशी त्याच गावातून दुधाची किटली घेऊन जाणार असतो. कमिटीतला माणूस वर्गणी मागायला पुढच्या वर्षी त्याच दारात उभा राहणार असतो. ही लाज वरच्या संघटनांना उरलेली नाही. आणि वर्गणीच्या पैशाला कमी लेखायचं कारण नाही. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते गावानं गोळा केलेल्या पैशावर आणि त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या रकमेवर. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक तिथून आलं.

आता बरंच बदललंय. बैलगाडा शर्यतींवर २०१४ पासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत बंदी होती. ती उठली आणि यात्रांचा पैसा पुन्हा घाटाकडे वळला. हगाम्यात मुलींच्या कुस्त्या लागू लागल्यात आणि त्यांना गर्दी दाटते. काही गावं मानाची जोड आधी ठरवून हँडबिलावर छापतात. पण वजनकाटा अजून क्वचित दिसतो, आणि सत्कार पूर्वीइतकेच लांबतात.

यात्रा कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पोरांना जोडीला उभं करण्याआधी काट्यावर उभं करा. धान्य मोजायचा काटा प्रत्येक गावात आहे. माती आदल्या दिवशी चाळून घ्या. आखाड्याशेजारी डॉक्टर बसवा आणि हगाम्यात दुखावलेल्या पैलवानाच्या औषधपाण्याची रक्कम वर्गणीतून आधीच बाजूला काढा. सत्कार कुस्त्या संपल्यावर करा. आणि मानाची कुस्ती पाचच्या आत लावा, म्हणजे ती उजेडात निकाली होईल.