हाडातला पू आणि हातचे दिवस

नडगीवरच्या भोकातून पू वाहतो, मधूनच हाडाची कपची बाहेर पडते, महिना-दोन महिने जखम भरल्यासारखी वाटते आणि पुन्हा फुटते. खेड्यात या हाड्याव्रणाला नशिबाचे दुखणे मानतात. मला हे पटत नाही. या दुखण्यात जंतूपेक्षा मोठा दोष सुरुवातीच्या वाया गेलेल्या दिवसांचा असतो. बहुतेक वेळा जंतू साधाच असतो, आपल्या कातडीवर आणि नाकात वस्ती करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. एखाद्या फोडातून किंवा खरचटण्यातून तो रक्तात शिरतो आणि मुलांच्या लांब हाडांच्या वाढत्या टोकाशी, विशेषतः गुडघ्याच्या आसपास, जिथे रक्त संथ वाहते तिथे ठाण मांडतो. हाडाला फुगता येत नाही, त्यामुळे पू झाला की आतला दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात, हाडावरचे आवरण सुटते आणि तेवढा तुकडा मरतो. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. मोठ्या माणसांत वाटा निराळ्या असतात: हाड बाहेर आलेला अपघात, बसवलेली सळी, मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची जखम, मणक्याचा क्षय.

मूल तापाने फणफणते, पाय टेकत नाही. घरचे मुरगळले समजून चोळतात, शेकतात. एक्स-रे काढला तरी पहिले दहा ते चौदा दिवस तो निर्दोष दिसू शकतो, आणि ‘हाडाला काही नाही’ या दिलाशावर नेमका तोच मोलाचा काळ निघून जातो. निदान काही अँटिबायोटिक गोळ्या तरी लगेच सुरू कराव्यात, असे कोणी म्हणेल. मूल गंभीर असेल तर औषधाला क्षणाचाही उशीर नको, हे खरेच. पण जंतू ओळखण्याच्या कल्चर तपासणीसाठी रक्त घ्यायला काही मिनिटेच लागतात. ते न घेता दिलेल्या अर्धवट गोळ्यांनी ताप दबतो, पू तसाच राहतो आणि जंतूचा माग मात्र पुसला जातो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्यात आणखी एक गुंता आहे, तो सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच केली होती. विदर्भात हा आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत आढळतो. विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाचे भाग मरतात, प्लीहा निकामी होते आणि अशा हाडात साल्मोनेलासारखे जंतूही घर करतात. पण या रुग्णांत हाडदुखीचा नुसता झटका संसर्गापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतो आणि दिसतोही तसाच. ‘नेहमीचेच आहे’ म्हणून सोडून देणे इथे महागात पडते. सलाइन आणि वेदनाशामक देऊनही ताप टिकला, दुखणे एकाच जागी रुतून बसले, तर सोनोग्राफी, जमल्यास एमआरआय आणि रक्ताचे कल्चर व्हायलाच हवे.

उपचार वेळेवर मिळाले तर मुलांना काही दिवस शिरेतून आणि मग तोंडाने, एकूण तीन-चार आठवडे औषध बहुधा पुरते. पू साठला असेल तर तो काढावा लागतो. हाड मेले की नुसते औषध हरते, मेलेला भाग काढावाच लागतो. पण मोठ्यांच्या उपचाराचे सहा आठवडे कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्यात पडून कोण काढील? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमधल्या १,०५४ प्रौढ रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडासांध्यांच्या संसर्गावर पहिल्या सहा आठवड्यांत तोंडाने घेतलेली औषधे शिरेतून दिलेल्या औषधांपेक्षा कमी ठरली नाहीत. मात्र ती औषधे तज्ज्ञांनी निवडलेली होती आणि बहुतेकांची शस्त्रक्रियाही झालेली होती. मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्यांना हा दाखला लागू होत नाही. मणक्याच्या क्षयाला तर वर्षभर किंवा त्याहून अधिक उपचार लागतात, आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

तेव्हा तापलेले मूल हाताला किंवा पायाला स्पर्श करू देत नसेल, तर चोळू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा, पुढे पाठवले तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही मागून घ्या.