परसांतील कोंबड्यांचें खाद्य : वयाप्रमाणें विचार

शेतकऱ्याच्या परसांतील पांच-दहा कोंबड्यांचा जमाखर्च बहुधा कोणी मांडीत नाहीं. गाईबैलांच्या वैरणीची चिंता धनी स्वतः वाहतो. कोंबड्या मात्र खळ्यावर सांडलेल्या दाण्यांवर व उकिरड्यावर सोंपविलेल्या असतात. अंड्यांचा पैसा घरांतील बायकांच्या हातीं राहतो व मीठमिरचीला, मुलांच्या वह्यापुस्तकांना उपयोगीं पडतो. म्हणूनच पंधरा पिल्लांपैकीं दहा दगावलीं, तर तें नुकसान कोणत्याही वहींत चढत नसलें तरी घराला खचित जाणवतें. पिल्लें मेलीं कीं रोगावर बोट ठेवण्याची रीत आहे. रोग येतात हें खरें. तथापि ज्या पिल्लाचें पोट पहिल्या महिन्यांत नीट भरलेलें नाहीं, तेंच रोगाला आधीं बळी पडतें. यास्तव कोणत्या वयांत काय घालावें याचा विचार आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोंबडीच्या आयुष्याचे खाद्याच्या दृष्टीनें तीन भाग पडतात. जन्मापासून आठ आठवड्यांपर्यंत पिल्लूं. आठव्या आठवड्यापासून अंड्यावर येईपर्यंत तलंग. आणि त्यानंतर अंडीं देणारी कोंबडी. पिल्लाला मांस, पिसें व हाडें एकदमच वाढवावयाचीं असतात, म्हणून त्याच्या खाद्यांत प्रथिनें शेंकडा २० असावीं लागतात. तलंगेला शेंकडा १६ पुरतात. अंड्यावरील कोंबडीला शेंकडा १६ ते १८ प्रथिनें लागतात. पण तिची खरी नड निराळीच असते, ती चुन्याची.

पिल्लूं अंड्यांतून बाहेर येतें तेव्हां अंड्यांतील शिल्लक बलक त्याच्या पोटांत असतो व त्यावर तें दोन दिवस तग धरूं शकतें. ह्यामुळें पहिल्या दिवशीं खाण्याची चिंता करण्याऐवजीं स्वच्छ पाणी व ऊब यांची तजवीज आधीं करावी. उथळ भांड्यांत पाणी ठेवावें व पिल्लें त्यांत पडून भिजूं नयेत म्हणून भांड्यांत चार खडे टाकावे. नंतर मक्याची बारीक भरड कागदावर पसरून द्यावी; दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पूर्ण खाद्य सुरू करावें. नुसत्या कण्यांवर पिल्लें जगतात, पण वाढत नाहींत. पिसें उशिरा येणें व पंख लोंबणें हीं उपासमारीचीं चिन्हें होत.

घरीं खाद्य करावयाचें असल्यास दहा किलोस मक्याची भरड साडेपांच किलो, सोयाबीनची पेंड तीन किलो, तेल काढलेला भाताचा कोंडा सव्वा किलो, कोंबड्यांसाठीं मिळणारें क्षारमिश्रण पाव किलो व मीठ तीस ग्रॅम, हें प्रमाण पिल्लांना योग्य पडतें. जीवनसत्त्वांची पूड पुडीवरील सूचनेप्रमाणें मिसळावी. खुडूक बसलेल्या कोंबडीबरोबर पिल्लें असतील, तर घातलेलें सर्व खाद्य आईच फस्त करते. त्यासाठीं पिल्लें आंत शिरतील पण मोठी कोंबडी शिरणार नाहीं एवढ्या फटी ठेवून बांबूचें डालगें करावें व खाद्य त्याखालीं ठेवावें. ह्या एवढ्याशा युक्तीनें पुष्कळ पिल्लें हातीं लागतात.

तलंगांच्या बाबतींत चूक उलट दिशेची होते. वनराज, गिरिराज ह्यांसारख्या सुधारलेल्या जाती अंगानें लवकर भरतात. त्यांना बांधून वाटेल तितका मका घातला, तर चरबी वाढते व अंडीं कमी होतात. म्हणून ह्या वयांत वरील मिश्रणांतील पेंड तीन किलोवरून पावणेदोन-दोन किलोवर आणावी, कोंडा पावणेतीन-तीन किलोपर्यंत वाढवावा व मका पांच किलो ठेवावा. क्षार व मीठ पूर्वींइतकेंच असावें. दिवसा तलंगांना मोकळें हिंडूं द्यावें. पावसाळ्यांत किडे, गांडुळें व कोंवळें गवत यांतून प्रथिनें बरींच मिळतात. तेव्हां सायंकाळीं खुराड्याकडे परततांना दर पक्ष्यामागें तीस ते पन्नास ग्रॅम धान्य पुरतें. उन्हाळ्यांत शिवार उघडें पडतें. त्या दिवसांत दाण्याबरोबर पेंडही दिली पाहिजे.

आतां अंड्यावरील कोंबडी. एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम असतें. महिन्याला वीस अंडीं देणारी कोंबडी चाळीस ग्रॅम कॅल्शियम बाहेर टाकते. आणि मका, ज्वारी, बाजरी यांत तें नांवापुरतेंच असतें. खाद्यांतून न मिळाल्यास ती स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवचें पातळ होतात, कोंबडी लंगडते व शेवटीं अंडीं थांबतात. बांधून ठेवलेल्या कोंबडीला दिवसाला शंभर ते एकशेंवीस ग्रॅम खाद्य लागतें व त्यांत शेंकडा आठ भाग शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा असावा. मोकळ्या कोंबड्यांसाठीं हा चुरा वेगळ्या भांड्यांत ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते, ती तो आपण होऊन टिपते. अंड्यांचीं कवचें भाजून व कुटून दिलीं तरी चालतात. मात्र अंड्यावरील कोंबड्यांचें खाद्य पिल्लांना कधींही घालूं नये. तीं अंडीं देत नसल्यानें जादा कॅल्शियम बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो व तीं बिघडून पिल्लें मरतात. दुकानांतून एकच पोतें आणून सर्वांना घालणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

घरच्या मालाविषयीं तीन धोके सांगणें जरूर आहे. पहिला बुरशीचा. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधींत मेले. शोधाअंतीं भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचें विष हें कारण ठरलें. त्या विषाला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात व शिजविल्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. ओलसर जागीं ठेवलेली पेंड किंवा मका स्वस्त पडला तरी घेऊं नये. दुसरा धोका कच्च्या सोयाबीनचा. विदर्भ-मराठवाड्यांत तें घरोघरीं पिकतें, म्हणून भरडून घालण्याचा मोह होतो. परंतु कच्च्या दाण्यांत प्रथिनांचें पचन अडविणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनें नष्ट होतें. यास्तव नीट भाजलेलें सोयाबीन किंवा गिरणीची पेंडच वापरावी. तिसरा धोका मिठाचा. कोंकणांत सुकट सुलभ आहे व प्रथिनांनीं ती उत्तमही आहे. पण ती खारवलेली असेल, तर खाद्यांत वेगळें मीठ घालूं नये व पाणी मुबलक ठेवावें. एरवींही पाणी खाद्याच्या दुपटीनें लागतें, उन्हाळ्यांत त्याहून अधिक.

कोंड्याला आमचे लोक हलकें समजतात. त्याचें मोल जगाला कोंबड्यांनींच दाखविलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत आयक्मन नांवाच्या डच वैद्याच्या कोंबड्या सडलेल्या पांढऱ्या तांदळावर लुळ्या पडल्या व असडी तांदूळ मिळूं लागतांच बऱ्या झाल्या. दोष तांदळांत नसून कोंडा काढून टाकण्यांत होता. पुढें ह्याच धाग्यावरून जीवनसत्त्वांचा शोध लागला व आयक्मन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. कोंड्यासोबत शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास यांपैकीं कांहींतरी हिरवें रोज मिळालें, तर बलकाला रंग चढतो व अ जीवनसत्त्वाची उणीव राहत नाहीं.

खर्चाचा प्रश्न कोणी विचारील. आठ आठवड्यांत एक पिल्लूं दीड-दोन किलोच्या आसपास खातें. ह्या एवढ्या खाद्यावर पुढील वर्षाचीं अंडीं अवलंबून असतात. म्हणून हात आंखडावयाचाच झाला, तर मोठ्या झालेल्या व मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यांत आंखडावा; पिल्लांच्या तोंडचा घास काढूं नये. आमच्या वाचकांनीं पुढच्या वेळीं पिल्लें निघतील तेव्हां वरील मिश्रण दहा किलो करून पाहावें, आणि किती निघालीं व दोन महिन्यांनीं किती राहिलीं, एवढे दोनच आंकडे घरच्या वहींत लिहून ठेवावे, अशी आमची त्यांना विनंति आहे.