मुका मॅकबेथ
(हरवलेली रिळं : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात नायट्रेटची फिल्म कशी पेट घेते ते पाहिलं. पण काही चित्रपट ठरवूनही जाळले गेले आहेत. १९११ मध्ये लंडनचे नामवंत नट सर हर्बर्ट बीरबोम ट्री यांच्या ‘हेन्री द एट्थ’ या नाटकातले प्रवेश विल्यम बार्कर यांनी चित्रित केले. सहा आठवडे चित्रपट दाखवला आणि मग साऱ्या प्रती चारचौघांत जाळून टाकल्या. करारच तसा होता! जुन्या झिजक्या प्रतींनी नावाला बट्टा लागू नये, हा हेतू.

हेच ट्री १९१६ मध्ये, शेक्सपिअरच्या मृत्यूला ३०० वर्षं होत असताना, हॉलिवूडमध्ये ‘मॅकबेथ’ करायला उभे राहिले. शि. म. परांजप्यांच्या ‘मानाजीराव’मुळे आपल्यालाही ओळखीची असलेली ही शोकांतिका. ट्रायँगल कंपनीने रंगभूमीवरचे मोठमोठे नट भरभक्कम पैसे मोजून आणायचा सपाटा लावला होता. दिग्दर्शक जॉन इमर्सन, लेडी मॅकबेथच्या भूमिकेत कॉन्स्टन्स कॉलियर.

अडचण एकच, पण मुळावर येणारी. ट्रींना स्वगतं पूर्ण म्हणायची होती. पडद्यावर आवाज नाही, फिल्म फुटाफुटाने महाग, आणि प्रेक्षकांना दिसणार ते फक्त हलणारे ओठ. सर हर्बर्टना थांबवणार कोण? तेव्हा म्हणे एक रिकामा कॅमेरा आणून ठेवला. लांबलचक भाषण सुरू झालं की त्याचीच मूठ फिरवत राहायची. फिल्म भरलेला कॅमेरा कामापुरताच चालायचा. किस्सा थोडाफार फुगवलेला असेलही, पण दुखणं खरं होतं. पडद्यावरच्या पाट्या अनिटा लूस या तरुणीने लिहिल्या, म्हणजे कवीची वाणी तिच्या हाती गेली.

चित्रपट पडला. ट्री १९१७ मध्ये वारले. बोलपट आल्यावर मूकपटांच्या प्रतींना बाजारात किंमत उरली नाही. अमेरिकेत निघालेल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ रूपात शिल्लक आहेत. ‘मॅकबेथ’ त्यांत नाही.

मला मात्र या चित्रपटाची हळहळ वाटते ती वेगळ्या कारणाने. ट्रींचा आवाज १९०६ च्या ध्वनिमुद्रिकांत आहे. त्यांचा अभिनय १८९९ च्या ‘किंग जॉन’च्या तुकड्यात दिसतो: विषाने तडफडणारा राजा, मिनिटभरात संपणारा. एवढ्यावरून या नटाचा अंदाज बांधणं अन्यायाचं आहे. रंगभूमीवरची सवय आणि कॅमेऱ्याची शिस्त यांची झटापट ‘मॅकबेथ’मध्येच पुऱ्या लांबीची पाहायला मिळाली असती. पडलेला असला, तरी अभ्यासाला सोन्यासारखा.

आशा अगदीच सोडायला नको. फ्रेडरिक वॉर्ड यांचा १९१२ चा ‘रिचर्ड द थर्ड’ असाच गेला म्हणून धरलं होतं. १९९६ मध्ये तो एका निवृत्त प्रोजेक्शनिस्टच्या संग्रहातून बाहेर आला. त्याची हकिगत पुढच्या लेखांकात.