दूरदेशीचे रंग : भाग ६
मरवान यांचे नव्व्याण्णव चेहरे

गेल्या आठवड्यात आपण रझांचा बिंदू पाहिला. नागपूर-मुंबईत शिकून पॅरिसला गेलेल्या रझांनी मायदेशाशी असलेलं नातं एका चिन्हात साठवलं. आजचा चित्रकार त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. त्यानेही आयुष्य परमुलखात काढलं, पण असं एकही चिन्ह जवळ केलं नाही.

मरवान कस्साब-बाशी यांचा जन्म १९३४ चा, दमास्कसचा. तिथल्या विद्यापीठात अरबी साहित्य शिकून १९५७ मध्ये ते बर्लिनला आले आणि हान ट्रियर यांच्या हाताखाली चित्रकला शिकू लागले. पुढे नावारूपाला आलेले गेओर्ग बाझेलिट्झ त्यांचे सहाध्यायी. पोटासाठी मरवान दिवसा फरच्या कारखान्यात राबत आणि रात्री रंगवत. अशी कित्येक वर्षं गेली.

अरब चित्रकार म्हटलं की सुलेखन, भौमितिक नक्षी, कमानी डोळ्यांपुढे येतात. मरवान यांच्या कॅनव्हासवर यातलं काही नाही. तिथे आहे माणसाचा चेहरा. सत्तरच्या दशकात हा चेहरा आडवा पसरला. कपाळ टेकडीसारखं, गालांवर नांगरलेल्या शेताचे चर, डोळे पाणवठ्यासारखे. जवळून बघावं तर नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागे सरकलं की त्यातून कुणीतरी आपल्याकडे पाहू लागतं.

मग यात अरबी वारसा कुठे? माझ्या मते, तो पुन्हापुन्हा त्याच चेहऱ्याकडे वळण्यात आहे. १९९७-९८ मध्ये त्यांनी ९९ मस्तकांची एचिंग्ज केली, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून काढलेले ठसे. इस्लाममध्ये अल्लाची नावं ९९. तसबीहचा मणी ओढत सूफी साधक ती घेतो. ज्याच्या घरात आजी पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणायची, त्याला हे वेगळं समजवायला नको. नाव बदलतं, ज्याला हाक मारायची तो एकच राहतो. मरवान यांनी हा जप रेषेने केला.

१९८० पासून ते बर्लिनच्या कला महाविद्यालयात प्राध्यापक होते. पण जे मिळवलं ते जर्मनीतच ठेवून भागणार नव्हतं. १९९९ ते २००३ या काळात अम्मानच्या ‘दारत अल फुनून’ या कलाकेंद्रात त्यांनी उन्हाळी वर्ग चालवले आणि अरब देशांतल्या तरुण चित्रकारांना शिकवलं. २०१६ मध्ये बर्लिनमध्येच ते गेले. तोवर त्यांच्या सीरियातून लाखो माणसं जर्मनीत आसऱ्याला आली होती. त्या लोंढ्याच्या बातम्या आपण आकड्यांत वाचल्या. मरवान यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की आकडा मागे पडतो, आणि एका चेहऱ्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो.

पुढच्या आठवड्यात : जेरुसलेमचे कमाल बुलाटा. मरवान यांनी अक्षर टाळलं. बुलाटांनी कूफी अक्षरांचंच चित्र केलं.