मोटारसायकलची निगा: घरीं कीं विक्रेत्याकडे?

नवी मोटारसायकल दारांत येऊन उभी राहिली म्हणजे तिजबरोबर तीन वस्तु घरांत येतात: एक छापील पुस्तिका, बैठकीखालीं दडवलेली हत्यारांची लहानशी पिशवी, आणि विक्रेत्याकडील मोफत सर्व्हिसिंगचीं कुपनें. यांपैकीं कुपनें तेवढीं जपून ठेवलीं जातात. पुस्तिका विम्याच्या कागदांबरोबर कपाटांत जाते, आणि पिशवी तर पुष्कळांच्या दृष्टीस गाडी विकण्याच्या दिवशींच पडते! मालकानें पेट्रोल घालावें आणि बाकीची सारी चिंता विक्रेत्यानें वाहावी, अशी ही वांटणी. ती कितपत शहाणपणाची, हें पाहण्याजोगें आहे.

एके काळीं हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. १९५५ सालीं मद्रासेस स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची बुलेट काय, किंवा पुढें म्हैसुरास तयार होऊं लागलेली जावा काय, यंत्राचा मामला सारा उघडा होता. कार्बुरेटरच्या जेटांत कचरा अडकला तर फुंकर मारावी, पॉइंटांवर काजळी धरली तर पॉलिश पेपर फिरवावा, आणि मार्गस्थ व्हावें. १ एप्रिल २०२० पासून भारतांत धुरासंबंधीं बी. एस. ६ हे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळजवळ नाहींसा झाला. आतां पेट्रोलाचें माप सेन्सरांच्या सूचनेवरून एक छोटासा संगणक ठरवतो. तेथील बिघाड ओळखावयास खास उपकरण लागतें, आणि तें विक्रेत्यापाशीं असतें. १२५ सी. सी.हून मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचें झालेलें ए. बी. एस. हेंहि त्याच जातीचें. अशा ठिकाणीं घरच्या पान्यानें हात घालणें ही हौस नव्हे, आगाऊपणा होय.

तथापि यावरून सारेंच काम विक्रेत्याच्या पदरीं टाकावें असें मात्र ठरत नाहीं. विक्रेत्याकडील मिस्त्री कितीहि कुशल असो, त्याला गाडी तीनचार महिन्यांतून एकदां, तीहि बहुधा घाईच्या दिवशीं, दिसते. मालकाला ती रोज दिसते. जे दोष दिवसागणिक वाढतात ते रोज पाहणाऱ्यासच सांपडावयाचे.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे चेन. उघडी चेन साधारणतः दर पांचशें किलोमीटरांस तेल मागते. पावसाळ्यांत त्याहूनहि लवकर. दोन सर्व्हिसिंगांमध्यें तीन हजार किलोमीटर जात असतील, तर मधल्या पांच वेळां तेल कोणीं द्यावयाचें? चेन मधोमध बोटानें वरखालीं केली असतां पुष्कळ गाड्यांत ती २५ ते ३५ मिलिमीटर हलावी लागते; नेमका आंकडा त्या कपाटांतल्या पुस्तिकेंत असतो. चेन फार ढिली राहिली तर दांत्यांवरून निसटून मागचें चाक जखडूं शकते, आणि फार आवळली तर बेअरिंगें खाते. सफाईस रॉकेल व जुना ब्रश, वंगणास ९० नंबरचें गिअर ऑइल, एवढ्यावर भागतें. मात्र चाक फिरवावयाचें तें हातानें. इंजिन चालूं ठेवून चेन पुसूं जाणाराचें फडकें दांत्यांत ओढलें जातें, आणि फडक्यामागोमाग बोटें जातात.

इंजिनचें तेल बदलणेंहि घरीं जमण्याजोगें आहे; पण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो. मोटारीसाठीं केलेलें अधिक निसरडें तेल त्यांत पडलें कीं क्लच घसरूं लागतो, म्हणून डब्यावर जासो एम. ए. ही खूण पाहून घ्यावी. शिवाय तेल काढण्याचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या कवचांत बसलेला असतो. अंगांतील सर्व जोर लावून तो आवळला म्हणजे आटे जातात आणि मजुरीची बचत चौपटीनें बाहेर पडते.

टॅपेटची गोष्ट चमत्कारिक आहे. किंचित टकटक ऐकूं आली तरी मालक घाबरतो. वास्तविक भ्यावें तें अंतर पुरतें नाहींसें झाल्यावर येणाऱ्या शांततेला; कारण मग वाल्व नीट बसत नाहीं आणि जळतो. हें अंतर मिलिमीटरच्या शतांशांत, थंड इंजिनावर मोजावयाचें असतें. तें काम सरावलेल्या हातांवर सोपवलेलें बरें.

खरा विचार करावयाचा तो ब्रेकचा. डिस्क ब्रेकच्या नळींतील द्रवास सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात, पण तें नेहमींचें तेल नव्हे, आणि तेथें खनिज तेल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. शिवाय तें हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ४ जातीचें ताजें ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरलेल्या ऑइलाची हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबोलीसारखा घाट उतरतांना ब्रेक तापून आंत वाफ झाली, तर लिव्हर पोकळ लागते आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून हें ऑइल सामान्यतः दोन वर्षांनीं बदलतात. तें बदलणें विक्रेत्याचें काम. पण तारीख मालकानेंच टिपून ठेवावी आणि त्याप्रमाणें मागणी करावी. जॉबकार्डावर जें लिहिलें नाहीं तें काम बहुधा होत नाहीं. मोफत कुपनांतहि मजुरी तेवढी माफ असते, तेल आणि फिल्टर यांचे पैसे द्यावेच लागतात. तरीहि वॉरंटीच्या मुदतींत तीं कुपनें चुकवूं नयेत. पुढें दावा करतांना अडचण येते.

ब्रेक पॅड किती उरले हें घरबसल्या, टॉर्चच्या उजेडांत, दिसतें. पॅडवरील खांच पुसट झाली कीं ते बदलावयाचे. नवे पॅड बसवतांना पिस्टन मागें ढकलावे लागतात, त्यामुळें लिव्हरची पहिली दाब रिकामी जाते. काम कोणींहि केलेलें असो, गाडी स्टँडवरून काढण्यापूर्वी लिव्हर कडक लागेपर्यंत चारपांच वेळां दाबून पाहावी, आणि मगच फाटकाबाहेर पडावें.