वायर तीच, हाती फक्त मुंग्या

२०१३ साली सोलापुरात ज्या घरी व्हीसीआर अजून थेट केबलच्या वायरीला जोडलेला होता, तिथे त्याला मुंग्यांखेरीज काही दिसेनासं झालं. यंत्रात बिघाड नव्हता. केबलच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा देशातल्या ३८ शहरांसाठी होता, त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ठरली होती आणि पुणे, नाशिक, नागपूर यांच्याबरोबर सोलापूरही त्या यादीत होतं. जसजसं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद होत गेलं, तसतसा व्हीसीआरचा आणि केबलचा संबंध तुटत गेला.

तो संबंध होता कसा? ॲनालॉग केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकाच वेळी, उघड्या, प्रत्येक घरात येऊन पोचत. प्रत्येकीला सात-आठ मेगाहर्ट्झची स्वतंत्र पट्टी. मराठी-हिंदीच्या शेजारच्या पट्टीत शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांची ईटीव्ही, तिच्यापलीकडे कन्नड घरांची उदया. कुठली पट्टी उचलायची ते घरातला ट्यूनर ठरवी. व्हीसीआरला असा स्वतःचा ट्यूनर होता, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद हीच. टीव्हीवर क्रिकेट चालू असताना तो मुकाट्याने दुसऱ्याच वाहिनीवरचा सिनेमा टिपून ठेवी. टायमर लावून घर बंद करून गेलं तरी चाले. अर्थात मध्येच लोडशेडिंग झालं की अनेक यंत्रांचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसे आणि सिनेमा हुकायचा तो हुकेच.

या यंत्राच्या आत जे घडतं ते मला आजही थक्क करतं. जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएस पद्धतीत अर्धा इंच रुंदीची टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. इतक्या संथ टेपवर सेकंदाला लाखो वेळा बदलणारा चित्राचा संकेत मावणार कसा? त्यासाठी टेपऐवजी हेडच पळवायचं ठरलं. तिरका बसवलेला एक चकचकीत ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या कडेवर समोरासमोर दोन हेड असतात आणि प्रत्येक हेड टेपवर तिरपी रेघ ओढतं. एका रेघेत अर्धं चित्र, एका फेऱ्यात पूर्ण, सेकंदाला २५ चित्रं. टेप रेंगाळत असली तरी हेड तिच्यावरून सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगाने धावत असतं. केसापेक्षा बारीक रेघा, आणि त्या घरातल्या शोकेसमध्ये ठेवलेल्या यंत्राने ओढलेल्या!

सेट-टॉप बॉक्स आला तेव्हा एकेका पट्टीत अनेक वाहिन्या दाबून, कुलूपबंद करून बसवल्या गेल्या. कुलपाची किल्ली बॉक्सकडे. व्हीसीआरच्या ट्यूनरला ती भाषाच कळत नव्हती. बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना व्हीसीआरला जोडून काम भागवता येई, पण मग बॉक्सवर जी वाहिनी लावली तीच टेपवर उतरे. टायमर वेळेवर जागा होई, त्याला वाहिनी बदलता येत नसे. पुढे एचडीएमआय आली. तिच्यातून संरक्षित कार्यक्रम पाठवण्यापूर्वी दोन्ही यंत्रं एकमेकांची ओळख पटवून घेतात आणि ओळख पटली नाही तर पडदा काळा राहतो.

स्ट्रीमिंगने तर टिपण्यासारखं समोर काही ठेवलंच नाही. तुम्ही मागितल्याशिवाय घरात काही येत नाही. मागितलं की कार्यक्रम काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. इंटरनेटचा वेग पाहून प्रत्येक तुकड्याचा दर्जा ठरतो, आणि बहुतेक सशुल्क कार्यक्रमांच्या तुकड्यांना कुलूप असतं, त्याची किल्ली दूरच्या सर्व्हरकडून तेवढ्यापुरती मिळते. ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवलेला सिनेमाही बऱ्याचदा मुदत संपली की उघडत नाही.

मला जास्त काळजी मधल्या काळातल्या रेकॉर्डिंगची वाटते. अनेक सेट-टॉप बॉक्सना पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडून कार्यक्रम साठवता येत. तो साठा सहसा त्या एकाच बॉक्सशी बांधलेला असतो. बॉक्स जळाला किंवा बदलला की फाइल शाबूत राहूनही वाचता येत नाही. घरात टिपलेली १९९५ ची कॅसेट मात्र कुठल्याही चालू व्हीसीआरमध्ये घाला, लागेल.

चालू व्हीसीआर मिळाला पाहिजे, एवढंच. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, आणि ती हे यंत्र बनवणारी अखेरची मोठी कंपनी होती. आतले रबरी पट्टे चिकट होतात, हेड झिजतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत डिजिटल न केलेल्या बहुतेक चुंबकीय टेप कायमच्या हातच्या जातील. सोलापूरचा चाळिशीपार जाणारा उन्हाळा टेपवरच्या चुंबकीय थराला बांधून ठेवणाऱ्या डिंकाचा शत्रू आहे, आणि पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी धरते. या शहराच्या कॅसेटींत लग्नं आहेत, वास्तुशांती आहेत, आणि ग्रामदैवताच्या गड्डा यात्रेत ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघालेले सात नंदीध्वजही आहेत. त्या वर्षीची गर्दी, ते रस्ते, ध्वज पेलणारे ते खांदे दुसरीकडे कुठे मिळणार?

म्हणून या कॅसेट डिजिटल करून घ्याव्यात. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. बाकीच्या कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्याव्यात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना घेणारं कॅप्चर यंत्र संगणकाला जोडावं आणि फाइल फार दाबू नये. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. घाई मात्र करता येत नाही. १८० मिनिटांची कॅसेट उतरवायला १८० मिनिटंच लागतात, म्हणून जी एकुलती एक आहे ती आधी लावावी.